घरापाशी गप्प होणारा भोंगा

ओरेमो भोंगा घेऊन निघाला की आधी कुत्री उठायची, मग पोरं, आणि मग माझ्या टपरीतले म्हातारे कानांवर हात ठेवायचे. "आला सुंतावाला," म्हणायचे. पण चहा पिता पिता ऐकायचे सगळं. मेले ऐकायचे म्हणूनच मला जास्त राग यायचा. ऐकायचं, खो खो हसायचं, आणि घरच्या पोराला मात्र पाठवायचं नाही.

कोवादा धक्क्यावर माझी टपरी आहे. चहा, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, तळलेले मासे. लोल्वेतून, आमच्या या मोठ्या सरोवरातून, होड्या परतल्या की माणसं जाळी वाळत टाकायच्या आधी माझ्याकडे येतात. नवरा गेल्यापासून मीच चालवते. मला सगळे अपोंदीची आई म्हणतात; अपोंदी माझी थोरली. ओरेमो माझ्या नवऱ्याच्या होडीवर कामाला होता, वयाने माझ्याहून बराच लहान. म्हणून मी त्याला अरे-तुरे करते, आणि तो मला अहो-जाहो करतो, शिव्या खाऊनसुद्धा.

त्याचे दोन मोठे भाऊ एकापाठोपाठ गेले. त्या काळी आमच्यात या आजाराचं नाव कोणी काढत नसे. धडधाकट माणूस वाळत चालला की लोक म्हणायचे, घरात कुणीतरी रीत मोडली, त्याचा शाप, चिरा लागला. ओरेमोच्या पहिल्या भावाला चिरा, दुसऱ्याला चिरा, माझ्या नवऱ्यालाही चिराच. मुळ्या उकळून पाजल्या, कोंबडी कापली, आणि माणसं गेलीच. पुढे दवाखान्यात माझं रक्त तपासलं तेव्हा कळलं की चिरा-बिरा काही नाही, हा एचआयव्ही, आणि तो माझ्यातही आहे. तेव्हापासून गोळ्या घेते. अजून उभी राहून धक्क्यावरच्या टग्यांशी भांडते, म्हणजे गोळ्या काही खोट्या नाहीत.

आणि धक्क्यावर हा आजार का माजला ते मला कोणी शिकवू नये. मासे थोडे आणि मासे घ्यायला उभ्या बायका फार. ज्या होडीवाल्याशी सलगी ठेवशील त्याची टोपली तुला. या व्यवहारालाही आमच्यात एक शब्द आहे, पण टपरीत मी तो कोणाला उच्चारू देत नाही.

मग एका वर्षी मैदानात तंबू ठोकून फुकट सुंता करणारे दवाखान्याचे लोक आले, तंबूवाले. म्हणाले, सुंता केलेल्या पुरुषाला बाईकडून हा आजार लागायची भीती निम्म्याहून कमी होते. झालं! धक्क्यावर जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आम्ही लुओ. आमच्यात सुंता कधीच नव्हती. आमच्या जुन्या माणसांचे वयात येताना खालचे सहा दात काढायचे, तेवढं झालं की माणूस मोठा. सुंता करायची ती शेजारच्या जमातींनी. त्यावरून ते आम्हाला "तुम्ही म्हातारपणीही पोरंच" म्हणून हिणवायचे, आणि आम्ही त्यांना भलतंच काही म्हणायचो. आता तेच आपण करायचं? म्हाताऱ्यांनी थुंकून जमीन ओली केली.

ओरेमो सगळ्यात आधी गेला. तेव्हा तो तिशीतला, एका मुलाचा बाप. परत आला तो बायकोचं रंगीत फडकं, लेसो, कमरेला गुंडाळून, पाय फाकवून, बदकासारखा. धक्का नुसता लोटला बघायला.

"ओरेमो, रंग खुलतोय हो तुला!"

"बाळंतीण आली, वाट द्या!"

कोणीही असता तर तोंड लपवून घरी गेला असता. हा बाबा माझ्या बाकावर बसला, नीट, जपून, आणि म्हणाला, "हसा. माझ्या भावांना पुरलं तेव्हा तुम्ही सगळे रडला होतात. तुमचं हसणं मला चालेल."

मी त्याला चहा दिला, साखर जास्त घालून.

त्यानंतर तंबूवाल्यांनीच त्याला गावोगाव सांगायच्या कामावर घेतलं. एक टोपी, एक टीशर्ट, एक भोंगा. हा माणूस त्या भोंग्यासाठीच जन्माला आला असावा. मक्याचं कणीस हातात घेऊन कंडोम कसा चढवायचा ते तो भर बाजारात दाखवायचा, आणि बायका आडोशाने नव्हे, अगदी पुढे येऊन बघायच्या. खोटं मात्र कधी बोलला नाही. "ही पुरी राखण नव्हे," ओरडून सांगायचा, "अर्ध्याहून थोडी जास्त. बाकीची तुमची तुम्ही करायची. सुंता झाली म्हणून मोकाट सुटाल तर मराल, आणि वर माझं नाव खराब कराल!" हळूहळू पोरं जायला लागली. मग पोरांचे बाप. शाळेच्या सुट्ट्यांत तर तंबूबाहेर रांग लागायची, आणि ओरेमो त्या रांगेत आपल्याच घरचं लग्न असल्यासारखा मिरवायचा.

पण एक गोष्ट सगळ्या धक्क्याने पाहिली होती. वाडीवाडीतून ओरडत यायचा तो आपल्या घराच्या फाटकाशी आला की भोंगा खाली करायचा. गप्प चालायचा. शेजारच्या कुंपणापाशी पोचला की पुन्हा सुरू.

"काय रे, घराजवळच बॅटरी कशी संपते?" लोक विचारायचे.

तो हसून पुढे जायचा. खरं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. फाटकाजवळच्या वेगळ्या झोपडीत त्याचा मुलगा राहायचा, हेझरॉन. एकुलता एक. मुलगा वयात आला की आमच्यात त्याची झोपडी वेगळी होते, आणि बाप तिच्यात पाऊल टाकत नाही. मुलाचं अंग, त्याच्या पोरी, त्याचं निजणं, हा विषय बापाच्या तोंडून निघायचा नाही. निघाला तर दोघांनाही दोष. ते बोलायचं आजी-आजोबांनी. आजी नातवाला "माझा नवरा" म्हणते आणि तोंडाला येईल ते बोलते, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. बापाला ती मुभा नाही. असा हा ओरेमो, सगळ्यांच्या मुलांना सांगणारा, आणि स्वतःच्या मुलासमोर मुका.

मी त्याला एकदा झापलं होतं. "अरे, चिऱ्याला तू भीक घालत नाहीस, दहा जणांत कणीस नाचवतोस, आणि ही एक रीत तुला मोडवत नाही?"

"चिऱ्याला भीत नाही मी, अपोंदीच्या आई," तो म्हणाला. "लाज वाटते. तो माझ्याकडे बघतो ना, तेव्हा जीभच उचलत नाही. माझ्या बापाने मला असलं काही म्हटलं असतं तर मी घर सोडून गेलो असतो."

शेवटी त्याने आपल्या आईला गळ घातली. न्यागेम म्हातारी. दात नाहीत ते रीतीने काढलेले किती आणि म्हातारपणाने गेलेले किती, तिलाही सांगता यायचं नाही. ती काठी टेकत नातवाच्या झोपडीत गेली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली ती हसत. ओरेमो माझ्या टपरीत वाट बघत होता.

"सांगितलंस, आई?"

"सांगितलं तर! म्हटलं, माझ्या नवऱ्या, मी अख्खा नवरा केलाय, कापून अर्धा केलेला मला चालणार नाही. आपल्यात दात काढतात. तुला फारच हौस असेल तर दात काढ."

ओरेमोने कपाळाला हात लावला. टपरीतली माणसं पोट धरून हसत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू. तेव्हा वाटलं, पोरगा तरुण आहे, तंबू दर सुट्टीत येतोच आहे, आज ना उद्या जाईल.

हेझरॉन आजीचं ऐकून थांबला असं मला वाटत नाही. तो मुळातच अबोल, बापाच्या अगदी उलट. होडीवर जायचा, ओमेनाच्या, त्या बारक्या मासळीच्या, जाळ्यांवर राबायचा, पैसे आईच्या हातात द्यायचा. त्याच्या बरोबरीची पोरं तंबूत जाऊन आली, त्याला हाका मारून थकली. हा म्हणायचा, "बघू."

मग त्याच्या आयुष्यात अकेयो आली. पलीकडच्या वाडीची, शिवणकाम शिकलेली, तोंडाने फटकळ. मला आवडायची ती. तिनेच त्याला सांगितलं असणार, कारण एक दिवस हेझरॉन टपरीच्या मागच्या दाराने आला आणि मी भांडी घासत होते तिथे येऊन हळूच म्हणाला, "अपोंदीच्या आई, त्या तंबूत जायचं असलं तर कोणाला सांगायचं?"

माझ्या हातातलं पातेलं पडलं. "अरे लबाडा," म्हटलं, "कोणाला काय? तुझ्या—" आणि जीभ चावली. म्हटलं, "मला सांगितलंस ना, झालं. पुढच्या सुट्टीत तंबू येईल, पहिला तू."

ओरेमोला कळवलं तेव्हा तो माझ्या चुलीसमोर नाचला. बाप्या माणूस, डोक्यावर टोपी, आणि थयथय नाचतोय. मग एकदम घाबरून म्हणाला, "मला कळलंय हे त्याला सांगू नका हं. बिचकेल."

ती सुट्टी आली. तंबू आला नाही.

पहिले चार दिवस आम्ही म्हणालो, गाडी बिघडली असेल. मग ओरेमोने फोन केला तर साहेबाचा फोन बंद. दुसऱ्याचा लागला, तो म्हणाला, मलाच कामावरून काढलंय. पैसा बाहेरच्या देशातून यायचा. तिथे कोणाच्या तरी मनात आलं आणि थांबला. इतक्या दूरच्या माणसाने नळ बंद केला, आणि इथे कोवादात तंबूचे चार खुंट तेवढे मैदानात राहिले. ते बकऱ्या बांधायला उपयोगी पडले.

ओरेमो तालुक्याच्या दवाखान्यात गेला. तिथल्या सिस्टर अडेरो आमच्या ओळखीच्या, माझ्या गोळ्याही त्याच देतात. तंबूत बहुतेक सुंता त्यांच्याच हातच्या.

"हात आहेत माझे, ओरेमो," त्या म्हणाल्या. "सामान नाही. भूल द्यायचं औषध नाही, हत्यारांची पाकिटं नाहीत. आणि दोन सिस्टर कमी केल्यात, बाळंतपणंच मला आवरत नाहीत. मी काय चहाच्या चमच्याने करू?"

मग सभा झाली. जिल्ह्याचे साहेब आले, मंडप, खुर्च्या, प्रत्येकाला सोड्याची बाटली. सभेत एकच शब्द पन्नासदा आला, 'टिकवणं'. कार्यक्रम टिकवायचा आहे, टिकवणं ही आपली जबाबदारी आहे, आजपासून हा कार्यक्रम तुमचा आहे. मी मागे बसून चरफडत होते. धक्क्यावरचा संडासही असाच समारंभ करून 'आमचा' केला होता. त्याचं दार कोणी नेलं ते आजवर कळलेलं नाही. ओरेमो उभा राहिला. भोंग्याशिवाय त्याचा आवाज किती बारीक आहे ते मला तेव्हा समजलं.

"साहेब, टिकवू आम्ही. मी फुकट ओरडायला तयार आहे. पाकिटं कधी येतील तेवढं सांगा."

"फार चांगला प्रश्न आहे," साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर काही आलं नाही.

तो खरंच फुकट ओरडत राहिला. टीशर्ट विटला, पोटाशी फाटला, तरी घालायचा. पण काय ओरडणार? "सुंता करा" म्हणायचं, आणि पोराने "कुठे?" विचारलं की खाली बघायचं. लोक पुन्हा हसायला लागले. एवढी वर्षं घासून घासून जे पटवलं होतं ते महिन्या-दोन महिन्यांत ढिलं झालं. म्हातारे म्हणाले, बघा, गरज असती तर बंद केलं असतं का?

शहरात एक खासगी डॉक्टर करतो असं कळलं. ओरेमोने आपल्या दोन बकऱ्या विकल्या आणि पैसे माझ्यापाशी आणून दिले. "तुम्ही द्या त्याला. तुमचे म्हणून द्या."

मी दिले. हेझरॉनने नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बकऱ्या गेल्याचं त्याला सकाळीच दिसलं होतं. पोरगा मूर्ख नव्हता.

"बाबांना माहीत आहे?" त्याने विचारलं. कान तांबडे झाले होते.

"माहीत असलं म्हणून काय बिघडलं?"

त्याने पैसे माझ्या बाकावर ठेवले. "नको. तंबू आला की जाईन मी. चारचौघांत, सगळे जातात तसा. बाबांनी पैसे देऊन पाठवलं असं नको. त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही मला."

"गाढवा," मी किंचाळले, "तुझा बाप आख्ख्या जगाला हेच सांगत फिरतो!"

"जगाला सांगतात ना," तो म्हणाला, आणि गेला.

बाप मुलाला लाजतोय, मुलगा बापाला. दोघांच्या मध्ये मी नोटा धरून उभी. त्या दिवशी मी दोघांनाही वाट्टेल ते बोलले, आणि कोणावरच काही परिणाम झाला नाही. तंबू असता तर हे काही लागलंच नसतं. पोरगा मित्रांबरोबर रांगेत उभा राहिला असता, बाप दुसरीकडे तोंड करून भोंग्यात ओरडत राहिला असता, आणि कोणी कोणाला काही न विचारता काम झालं असतं. तंबूचा हा उपयोग सभेतल्या कोणत्याही साहेबाने सांगितला नाही, कारण त्यांना तो दिसलाच नव्हता.

त्या वर्षी आमच्या बाजूला मासे फारच कमी लागले. हेझरॉन बेटावर गेला, तिकडच्या होडीवर. तिथे काय चालतं ते मी सांगितलं आहे. इथल्यापेक्षा चौपट चालतं. सहा-सात महिन्यांनी आला, अकेयोला घेऊन नांदू लागला. लवकरच तिला दिवस गेले. पहिल्या तपासणीला दवाखान्यात दोघांचंही रक्त घेतात. तिचं चांगलं निघालं. त्याचं नाही.

अकेयो त्याच दिवशी माहेरी गेली. जाताना माझ्या टपरीशी थांबली, पाणी मागितलं, आणि पेला हातात धरून नुसती उभी राहिली. मी तिला म्हटलं, गोळ्या असतात, मी बघ, मूलही चांगलं होईल, तू तपासत राहा. ती "हो" म्हणाली आणि पेला तसाच भरलेला ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी हेझरॉन येऊन बसला. ओरेमोही आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, धक्क्यावर काही लपत नाही. बाकाच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला मुलगा. मी बाकीच्या गिऱ्हाइकांना हाकललं.

हेझरॉन म्हणाला, "बाबा, तुम्ही फाटकाशी गप्प व्हायचात. कळायला लागल्यापासून बघत आलो. मला वाटायचं, ही तुमची नोकरी आहे, लोकांसाठीची. खरंच इतकं चांगलं असतं तर आधी घरात सांगितलं असतंत."

ओरेमोने टोपी काढली. "अरे, मी तुझा बाप आहे रे," एवढंच म्हणाला. आणि मग रडला. मी त्याला भावांच्या मातीलाही असा रडताना पाहिलं नव्हतं.

सुंता झाली असती तर हेझरॉन वाचलाच असता का? कोण सांगणार. ओरेमो स्वतःच ओरडायचा, पुरी राखण नव्हे म्हणून. झाली असती तरी लागलं असतं, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण अर्ध्याहून थोडी जास्त आशा होती, आणि ती त्या पोराची हक्काची होती. ती त्याला मिळाली नाही. याचा मला संताप येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून टपरीत भांडी आपटते.

मागच्या आठवड्यात माझ्या गोळ्यांची पाळी होती. त्याच दिवशी हेझरॉनला गोळ्या सुरू करायला बोलावलं होतं. आम्ही तिघं एकाच गाडीने गेलो. सिस्टर अडेरोंनी हेझरॉनला समजावलं, मग म्हणाल्या, "तुझ्या जोडीला एक माणूस लागेल. रोज विचारणारा. गोळी घेतली का, त्रास होतो का, बायकोशी कसं वागतोस, कंडोम वापरतोस का. ज्याच्याशी काही लपवायला लागत नाही असा कोणी आहे?"

मला वाटलं तो माझं नाव घेईल. मी पुढे सरकलेसुद्धा.

"बाबा," हेझरॉन म्हणाला.

सिस्टर गोंधळल्या. त्याही लुओच. त्यांनी ओरेमोकडे पाहिलं. "जमेल तुम्हाला? मग आत्ता माझ्यासमोरच विचारा एकदा. सवय होईल."

ओरेमो खुर्चीत पुढे झाला. हजारो माणसांशी बोललेला माणूस. ओठ हलले, आवाज नाही. हेझरॉन मान खाली घालून वाट बघत होता. परत ओठ हलले.

"सकाळपासून..." ओरेमो म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही, बाबा."

"खाऊन घे. उगाली खाऊन घे आधी."

"ओरेमो," सिस्टर हळूच म्हणाल्या, "मी गोळ्यांचं विचारायला सांगतेय."

"तेच विचारतोय मी," तो म्हणाला.